तुरीचे सोले आणि मटार फ्रीजरमध्ये साठवण्याविषयी

ब-२०३ : सर्वांना नमस्कार. वेळ अमावस्येला शेतावर गेलो होतो, तेथून तुरीच्या आणि मटारच्या भरपूर शेंगा आल्या आहेत. उन्हाळ्यात लातूरच्या बाजारात हिरव्या भाज्यांचे भाव चढतात, म्हणून दाणे सोलून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा विचार आहे. ते कच्चेच पिशवीत भरावेत की आधी उकळत्या पाण्यातून काढावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अ-१०१ : उकळत्या पाण्यातून काढूनच ठेवा. थंडीमुळे दाण्यांतील एन्झाइमचे काम मंदावते, पण थांबत नाही. त्यामुळे कच्चे ठेवलेले दाणे हळूहळू रंग आणि चव गमावतात व त्यांना वाळल्या गवतासारखा वास येऊ लागतो. अर्ध्या किलो दाण्यांना सुमारे चार लिटर पाणी घ्यावे, म्हणजे दाणे टाकल्यावर पाण्याला लगेच पुन्हा उकळी येते, आणि वेळ त्या उकळीपासूनच मोजावी. मटारला दीड ते दोन मिनिटे पुरतात. सोल्यांनाही मी तेवढाच वेळ देते. नंतर ते तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवावेत, नाहीतर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतात.

क-३०२ : काकू, आमच्याकडे मेथी कच्चीच निवडून ठेवतात आणि ती चांगली राहते.

अ-१०१ : दोन-तीन आठवड्यांत संपणार असेल, तर माझी हरकत नाही. मात्र उन्हाळ्यापर्यंत ठेवायची असल्यास पालेभाजीलाही दोन मिनिटे द्यावीत. कांदा आणि ढोबळी मिरची मात्र कच्चीच चिरून ठेवता येते. काकडी व मुळा यांच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यातले पाणी गोठून पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर नुसता लगदा हाती येतो.

ब-२०३ : शेंगा दहा किलोंच्या आसपास आहेत. सगळे दाणे एकदम ठेवले तर चालेल का?

अ-१०१ : नको. दाणे जितके सावकाश गोठतात, तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि दाणा मऊ पडतो. साठ लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त ताजा माल घालू नये. दाणे कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात एकाच थरात पसरावेत, ते कडक झाल्यावर पिशवीत भरावेत आणि हवा दाबून काढावी. म्हणजे गोळा होत नाही व लागतील तेवढेच काढता येतात. पिशव्या एका वेळच्या भाजीपुरत्याच करा आणि त्यांवर तारीख लिहा. भाजी करताना दाणे बाहेर ठेवून वितळवत बसू नका, थेट फोडणीत टाका.

ड-४०१ : उन्हाळ्यात वीज जाते, त्याचे काय करावे?

अ-१०१ : दार उघडू नये, हाच उपाय. भरलेला फ्रीजर बंद दाराने साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. वीज आल्यावर दाण्यांवर बर्फाचे कण दिसत असतील, तर ते पुन्हा गोठवता येतात, फक्त चव थोडी उतरते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, म्हणून पूर्ण वितळून कोमट झालेले दाणे टाकून द्यावेत.

क-३०२ : आमचा फ्रीज एकाच दाराचा आहे, वरचा बर्फाचा कप्पा आतच आहे.

अ-१०१ : दीर्घ साठवणीसाठी उणे १८ अंश लागतात, आणि तो कप्पा बहुधा तिथपर्यंत जात नाही. त्यात ठेवलेले दाणे संक्रांतीच्या भोगीला वापरून टाका. उन्हाळ्यासाठी ठेवायचे असतील, तर आमच्या फ्रीजरमध्ये एक खण मोकळा आहे.