मदत हवी आहे: रग्बीतला स्क्रम डोक्यात शिरत नाही

घाईत_आहे: शनिवारी ऑफिसवाल्यांबरोबर परत मॅचला जायचंय, लवकर सांगा. बॉल हातातून पुढे पडला की शिट्टी, मग सगळे डोकी खाली घालून भिडतात. एक जण बॉल आत टाकतो आणि तो त्याच्याच टीमच्या मागून बाहेर! दर वेळी. समोरचे ढकलत का नाहीत? शेजारच्याला विचारलं तर नुसता हसला. व्हिडिओच्या लिंका नकोत.

जुना_प्रॉप: ढकलत नाहीत कसे? मुंबईत दोन सीझन प्रॉप खेळलोय, मान अजून उजवीकडे वळत नाही. ८ विरुद्ध ८. पुढे तिघं, कडेचे दोघं प्रॉप, मधला हुकर, तो पायाने बॉल मागे ओढतो. रेफरी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो, म्हणजे वाका, धरा, भिडा. सेटला समोरच्याची दाढी गालावर घासते, कान चुरगळतो. बॉल आत येईपर्यंत रेटायचं नाही.

खवचट_काकू: मुलाला घालणार असाल तर आधी मानेचे व्यायाम करून घ्या.

घाईत_आहे: काकू, माझं लग्नही झालेलं नाही.

तिरपा_बॉल: बॉल सरळ टाकायचा नियम फक्त कागदावर उरलाय.

जुना_प्रॉप: २०१७ पासून स्क्रम-हाफला, म्हणजे बॉल आत टाकणाऱ्याला, थोडं आपल्या बाजूला सरकून उभं राहता येतं, बॉल मात्र सरळच टाकायचा. नियम वाचा.

तिरपा_बॉल: वाचलाय, म्हणूनच म्हणतोय.

उंटावरचा: थांबा हो. राहता कुठे? भिडतात किती जण?

घाईत_आहे: सिडनीत, अजून कुठे! एका बाजूचे ६ असतील. ६ वेळा पकडलं की बॉल दुसऱ्यांना.

उंटावरचा: मग ही रग्बी लीग, १३ जणांची. वरचं सगळं रग्बी युनियनचं, १५ जणांच्या खेळाचं. लीगमध्ये बॉल थेट आपल्याच माणसांच्या पायाशी टाकतात, रेटारेटी जवळपास नाहीच. दोन्हीकडचे ६-६ गुंतले की उरलेल्या ७-७ जणांना मैदान मोकळं मिळतं, एवढंच काम.

जुना_प्रॉप: तो स्क्रम नव्हे, गळाभेट आहे.

उंटावरचा: १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब युनियनमधून वेगळे झाले, त्यातूनच लीग आली, ते खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून. गिरणी-खाणीतली माणसं होती ती, गळाभेटीला नव्हती आली.

घाईत_आहे: भांडण नंतर. म्हणजे शनिवारी स्क्रम लागला की चहा आणायला उठू?

उंटावरचा: मुळीच नको. घोळक्याकडे बघू नका, मागे पसरून उभे असतात त्यांच्याकडे बघा. बॉल बाहेर आला की पळणारे तेच.

तिरपा_बॉल: स्टेडियमवर चहा मिळतो? कुठल्या?