मागच्या भिंतीवरची पेटी

बी-२०३ काकू: मागे सुतार काय ठोकतोय? विचारलं तर म्हणे वटवाघळांची पेटी! परवानगी कोणी दिली? घरात चार महिन्यांचा नातू आहे माझा.

सेक्रेटरी: नमस्कार काकू. गेल्या मीटिंगला विषय झाला होता. आपण लवकर गेलात.

बी-२०३ काकू: का गेले ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

ए-४०१: काकू, पेटी माझ्या खर्चाने करतोय. रंगकामात मागच्या भेगा बुजवणार आहेत. तिथल्या पाकोळ्यांनी, म्हणजे छोट्या वटवाघळांनी, जायचं कुठे? रंगाऱ्यालाही सांगितलंय, आत एकही नाही हे बघूनच सिमेंट भर.

ए-१०३ आजोबा: मागच्या गटाराची जाळी तुटली आहे. डास तिथूनच येतात.

बी-२०३ काकू: २०१८ ला केरळात निपा झाला तो कशाने? विसरलात?

ए-४०१: निपा मोठ्या, फळं खाणाऱ्या वटवाघळांत सापडला. ती झाडाला लटकतात. पेटीतली फट पाऊण इंचाची, त्यांचं डोकंही शिरणार नाही. पाकोळ्या अंगठ्याएवढ्या, किडे खातात.

सी-३०२: भाडेकरू आले म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावा 😄

सी-३०१: पार्किंग मागत नाहीत हे बरं. इथे काहींच्या दोन-दोन गाड्या.

सी-३०२: नाव घेऊन बोला.

सेक्रेटरी: कृपया विषयावर या 🙏

ए-१०३ आजोबा: जाळी तुटली आहे. डास तिथूनच येतात.

बी-१०२ ताई: दादा, लेंड्या माझ्या कपड्यांवर पडणार ना?

ए-४०१: पेटीला तळ नसतो, त्यामुळे लेंड्या सरळ खाली पडतात. म्हणूनच तुमच्या दोरीपासून लांब, पूर्वेच्या कोपऱ्यात, १२ फुटांवर लावतोय. पश्चिमेच्या उन्हात पेटी भट्टीसारखी तापते. आतल्या फळ्यांना पॉलिश नाही. करवतीने आडव्या खाचा पाडल्यात, नखं रोवायला. सांधे सिलिकॉनने भरलेत, नाहीतर जुलैत पाणी शिरायचं.

बी-२०३ काकू: आणि एखादं खाली पडलं, पोरांनी उचललं तर?

ए-४०१: उघड्या हाताने कोणीच शिवायचं नाही, मोठ्यांनीही. चावलं तर जखम साबणाने धुऊन लगेच रेबीजची लस. तशी पाटी लावतो.

सी-३०१: एवढं करून येतील का?

ए-४०१: खात्री नाही. कधी वर्ष जातं, कधी येतच नाहीत. पण भेगा बुजवून हात झटकणं मला पटत नाही.

ए-१०३ आजोबा: येऊ देत बापड्या. पण जाळी त्या बसवणार नाहीत.

सेक्रेटरी: आजोबा, सोमवारी नवी जाळी लागते.

बी-२०३ काकू: १२ फूट म्हणजे १२ फूट. टेप घेऊन मी स्वतः येतेय खाली.