क्रेनेल यांना फक्त हेड कोच म्हणून मोजू नका

अमेरिकन फुटबॉलमधले कोच रोमिओ क्रेनेल यांना काही जण 'अपयशी हेड कोच' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कॅन्सस सिटी संघाचे हेड कोच असताना २०१२ मध्ये फक्त २ विजय मिळाले, मान्य. पण फेब्रुवारी २००२ ची सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, आठवा! ते पेट्रियट्स संघाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाची आखणी करणारे सहाय्यक कोच होते. सीझनभर सामन्यामागे ३१ गुण ठोकणाऱ्या रॅम्स संघाला त्यांनी १७ वर रोखलं. रॅम्सचा बॉल घेऊन धावणारा स्टार मार्शल फॉक याच्याकडे बॉल नसला तरी कुणी ना कुणी त्याला धडकतच होतं. डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत, स्वतः वेस्टर्न केंटकी विद्यापीठाकडून खेळलेल्या माणसाला अशा धडकेची किंमत नेमकी कळते. आधीचा जायंट्स संघ धरून सहाय्यक कोच म्हणून ५ सुपर बोल जिंकल्यात त्यांनी. आणि २०२० मध्ये टेक्सन्सने सीझनच्या मधेच हेड कोच म्हणून संघ हाती दिला तेव्हा त्यांचं वय होतं ७३!