‘सँक्शन’ : मंजुरी की निर्बंध?

कर्ज सँक्शन झाले, रजा सँक्शन झाली, असे आपण मराठीत सर्रास म्हणतो आणि या शब्दाचा अर्थ मंजुरी एवढाच धरून चालतो. आंतरराष्ट्रीय बातम्यांत मात्र एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्याचे वाचायला मिळते आणि तेथे अर्थ थेट निर्बंधांवर जातो. परवानगी आणि शिक्षा या दोन विरुद्ध टोकांच्या कल्पना एकाच शब्दात कशा नांदतात, हे समजण्यासाठी त्याच्या मुळाशी जावे लागते.

हा शब्द लॅटिनमधला असून ज्या क्रियापदापासून तो झाला त्याचा अर्थ ‘विधिपूर्वक अलंघ्य ठरवणे’ असा आहे. ‘सेंट’ आणि ‘सँक्टिटी’ हे शब्द त्याच कुळातले. इ. स. 533 मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने जारी केलेल्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात, कायदा मोडणाऱ्यास काय दंड होईल हे सांगणाऱ्या कलमांना हीच संज्ञा दिलेली आहे. म्हणजे अधिकारवाणीने काही ठरवून देणे आणि ते मोडल्यास दंड सांगणे, या दोन्ही गोष्टी मुळात एकाच कृतीच्या बाजू होत्या. पहिल्या बाजूवर भर पडून मंजुरीचा अर्थ रुळला आणि दुसऱ्या बाजूवर भर पडून निर्बंधांचा.

या दोहोंच्या आधीचा, ‘राजाज्ञा’ हा अर्थ आज इतिहासातच भेटतो. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहावा चार्ल्स याने आपल्या वंशातील कन्येलाही वारसा मिळावा म्हणून 1713 मध्ये काढलेले फर्मान ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणूनच ओळखले जाते. पुढे इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्ये नैसर्गिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक अशी चार सँक्शन्स सांगितली, ती नियमाला बंधनकारक बळ देणाऱ्या सुखदुःखांच्या अर्थाने. माझ्या मते दोन्ही अर्थांना जोडणारा खरा दुवा या ‘बळ’ शब्दात आहे.

आंतरराष्ट्रीय राजकारणातील अर्थ राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) काळात ठसठशीत झाला. इटलीने ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) आक्रमण केल्यानंतर नोव्हेंबर 1935 मध्ये राष्ट्रसंघाची आर्थिक सँक्शन्स लागू झाली. तेल त्यातून वगळलेले होते आणि जुलै 1936 मध्ये ती उठवलीही गेली. तेव्हापासून या अर्थाने शब्द बहुधा अनेकवचनीच येतो, ही वाचकाला मिळणारी पहिली खूण आहे. दुसरी खूण शब्दयोगी अव्ययाची. ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ पुढे आले की निर्बंध समजावेत; एकवचनी रूपापुढे ‘ऑफ’ असेल, तर बहुतेक वेळा मान्यता.

मान्यतेच्या अर्थालाही छटा आहेत. खर्चाला मिळते ती मंजुरी. पण एखाद्या रूढीला परंपरेचे सँक्शन आहे असे इंग्रजीत म्हटले, तर तेथे ‘मंजुरी’ हास्यास्पद वाटते आणि ‘अधिष्ठान’ हा शब्द चपखल बसतो, कारण परंपरा काही अर्जावर सही करत नाही.

खरी पंचाईत होते ती क्रियापदाशी. ‘समितीने खेळाडूला सँक्शन केले’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य सुटे वाचले, तर त्याला खेळण्याची परवानगी मिळाली की त्याच्यावर कारवाई झाली, हे व्याकरणावरून ठरत नाही. क्रियापदाचा जुना, रूढ अर्थ मान्यता देणे हाच असून दंड करण्याचा अर्थ प्रामुख्याने विसाव्या शतकात पसरला. तो चूक म्हणता येत नाही, पण संदर्भ स्पष्ट नसेल तर लिहिणाऱ्याने तो टाळावा. धातुसाधित विशेषणात हा घोटाळा आणखी वाढतो. ‘सँक्शन्ड’ स्पर्धा म्हणजे अधिकृत संघटनेची मान्यता असलेली स्पर्धा, तर ‘सँक्शन्ड’ बँक म्हणजे निर्बंधांच्या यादीत नाव गेलेली बँक. भाषांतर करताना येथे कोशातला पहिला अर्थ उचलला, तर काळ्या यादीतील बँक मराठीत ‘मान्यताप्राप्त’ होऊन बसेल!

उलट दिशेनेही थोडी काळजी हवी. मराठीतील ‘निर्बंध’ बराच व्यापक आहे. वाहनांच्या वेगावर असतो तोही निर्बंधच, पण त्याला इंग्रजीत सँक्शन म्हणत नाहीत. तेथे ‘रिस्ट्रिक्शन’ किंवा ‘लिमिट’ म्हणावे. ‘एम्बार्गो’ ही व्यापारबंदी असून सँक्शन्सचा तो केवळ एक प्रकार आहे, त्यामुळे एखाद्या देशाची परकीय बँकांतील खाती गोठवली असतील, तर त्या कारवाईला एम्बार्गो म्हणता येणार नाही.