ओपन रेल्स: घाटात रूळ साडेसात मीटर खाली राहतोय, डबे कलतायत

घाटरस्ता
टीएसआरई५ या रूट एडिटरमध्ये कर्जत–खंडाळा रेल्वेमार्ग बनवतोय, चालवायला ओपन रेल्स हा ट्रेन सिम्युलेटर. १ इन ३७ च्या (३७ मीटरला १ मीटर चढ) पट्ट्यात २.७ टक्के चढ लावलाय. वळणं ४०० मीटर त्रिज्येची, ३० अंशांचा एकेक तुकडा, असे २९ तुकडे पडलेत. कागदावर हिशेब करून जी उंची येते, तिच्यापेक्षा वरच्या टोकाला रूळ साधारण साडेसात मीटर खाली आहे. शिवाय दर वळणाच्या शेवटी डबे एका बाजूला कलतात आणि पुढच्या तुकड्यावर चढताना गचका बसतो. जमिनीच्या उंचीचा डेटा एसआरटीएमचा. तो चुकलाय का? शेवटच्या किलोमीटरला चढ वाढवून भागेल का?

बँकरमागे
डेटाचा काही संबंध नाही, घोळ तुकड्यांचा आहे.

एमएसटीएसच्या (मायक्रोसॉफ्टचा जुना ट्रेन सिम्युलेटर, ओपन रेल्स त्याचेच रूट चालवतो) पद्धतीत रुळाचा प्रत्येक तुकडा ताटासारखा सपाट असतो. तुम्ही २.७ टक्के देता तेव्हा अख्खं ताट तिरकं होतं, पण तो चढ फक्त तुकडा सुरू होतो त्या दिशेने खरा. ३० अंश वळल्यावर रुळाच्या दिशेने उरतो २.३४ टक्के, आणि बाकीचा कल आडवा होतो, सुमारे १.३५ टक्के. डबे कलतात ते यामुळे. पुढचा तुकडा परत २.७ ने सुरू होतो, तोच तुमचा गचका.

आता उंची. तुमचा एक तुकडा २०९.४ मीटर लांब, त्यात चढायला हवं ५.६६ मीटर. प्रत्यक्षात चढतो ५.४१. तुकड्यामागे पाव मीटर गेलं, गुणिले २९. साडेसात मीटरचा हिशेब तिथेच लागला.

उपाय एकच: त्याच त्रिज्येचे ५ अंशांचे तुकडे, एका ३० च्या जागी सहा. मग सगळ्या पट्ट्यात मिळून घट राहते वीसेक सेंटिमीटर, आणि आडवा कल पाव टक्क्याच्या आत. १० अंशांचे घेतले तर घट ८५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. सपाटीवर चालेल, घाटात नको. तुकड्याचं नाव नीट वाचायची सवय ठेवा: ए१टी५००आर१०डी म्हणजे एकेरी रूळ, ५०० मीटर त्रिज्या, १० अंश.

डायनॅमिक ट्रॅक (ज्याची मापं आपण ठरवतो तो तुकडा) वापरून सुटका होईल असं वाटत असेल तर होणार नाही. त्यात सरळ-वळण-सरळ-वळण-सरळ असे पाच भाग मिळतात, पण पाचही एकाच ताटात. चढावर इंग्रजी एस सारखं वळण एकाच डायनॅमिक तुकड्यात बसवलं तर याहून वाईट दिसतं.

शेवटच्या किलोमीटरात साडेसात मीटर भरून काढायचे म्हणजे तिथे ३.४५ टक्के, जवळजवळ १ इन २९. गाडी तिथेच बसेल. नकोच.

सपाट रुळावरून थेट २.७ वरही जाऊ नका. २५ मीटरचे नऊ सरळ तुकडे, दर तुकड्याला ०.३ ने वाढ. आणि आकडा कुठल्या एककाच्या घरात टाकताय ते बघा. प्रति हजारच्या घरात २७ टाकायचे असतात. अंशांच्या घरात २.७ टाकले तर १ इन २१ होतो.

दरडवाला
डेटा या वेळी निर्दोष सुटला, पण घाटात त्याच्यावर रूळ टेकवू नका. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेलं रडार मोजमाप, बिंदूंमधलं अंतर सुमारे ३० मीटर. त्यात झाडांचे शेंडे येतात, बोगद्यावरचा डोंगर येतो, बोगद्यातला रूळ येत नाही. स्टेशनची उंची फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली असते, ती घ्या. मधला चढ रुळालगतच्या ग्रेडियंट पोस्टवरून, म्हणजे चढ लिहिलेल्या खांबावरून. आधी रूळ, मग जमीन त्याच्याकडे ओढायची.

रूटमधल्या जमिनीची एक टाइल, म्हणजे चौकोन, २०४८ मीटरची, जमिनीचे बिंदू ८ मीटरवर. त्यामुळे उभा कडा जमिनीतून निघतच नाही, उतरंड होते. कड्याला खडकाचा शेप (तयार त्रिमितीय आकार) लावा. बोगद्याच्या तोंडाशी जमिनीला भोक पाडावं लागतं आणि ते ८ मीटरच्या चौकोनांतच पडतं, म्हणून पोर्टल (बोगद्याच्या तोंडाची कमान) थोडं रुंद घ्या, नाहीतर कडेने आकाश दिसतं.

लूपलाइन
जुने तुकडे उपटण्याआधी त्यांच्यावरचे सिग्नल, वेगमर्यादेच्या पाट्या, फलाट आणि सायडिंगचे मार्कर काढा. ही सगळी मंडळी टीडीबी फाइलमध्ये, म्हणजे रुळांच्या नोंदवहीत, रुळाला बांधलेली असतात. रूळ आधी काढला तर नोंदी लटकत राहतात आणि पुढे सिग्नल लाल तो लालच. सुरुवात करण्याआधी टीडीबी, आरडीबी (रस्त्यांची नोंद), टीआयटी (सिग्नल-फलाटांची यादी) आणि अख्खा वर्ल्ड फोल्डर, चारही एकाच वेळचे, बाजूला कॉपी करा. एकच जुनी फाइल परत टाकली तर बाकीच्यांशी जुळत नाही.

काम झालं की ओपन रेल्ससोबत येणारा ट्रॅक व्ह्यूअर उघडा. सांधा जुळला नसेल तर तिथे समोरासमोर दोन शेवटचे नोड, म्हणजे रूळ संपल्याच्या खुणा, दिसतात. डोळ्यांना रूळ अखंड दिसतो, गाडीला नाही. जुने पाथही (गाडीने जायचे आखून ठेवलेले मार्ग) त्यातच तपासा, बरेचसे तुटलेले असतील. दुसऱ्या कुणाला रूट देताना रूटच्या फोल्डरमधली टीसेक्शन फाइल विसरू नका, डायनॅमिक ट्रॅकची मापं तिच्यात असतात.

घाटरस्ता
पहिली सहा वळणं ५ अंशांत बदलली. कलणं गेलं, उंची जुळतेय. पण वॅप-७ इंजिन आणि १२०० टनांची गाडी थांबवली की पुन्हा उचलत नाही. इंजिनाच्या फाइलमध्ये गडबड?

बँकरमागे
फाइल बरोबर आहे, म्हणूनच उचलत नाही. इंजिनाचे १२३ धरून १३२३ टन. १ इन ३७ ला टनामागे ०.२६५ किलोन्यूटन, म्हणजे नुसत्या चढाला ३५० लागतात. वॅप-७ चा सुरुवातीचा जोर ३२२.६. मागे ढकलायला दोन वॅग-७ इंजिनं लावा, प्रत्येकी सुमारे ४०२. त्यांचं वजन धरूनही गरज ४१५ च्या आसपास, हाताशी ११०० च्या वर. कन्सिस्ट फाइलमध्ये (इंजिन-डब्यांचा क्रम असतो ती) ही इंजिनं शेवटच्या डब्यानंतर टाका, पुढे नाही. पुढे टाकलीत तर सगळा ताण पहिल्या कपलिंगवर येईल.