मदत हवी आहे: लग्नानंतर सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, केबिन-व्हिसा-खर्च

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला लग्न आहे. त्यानंतर हनिमूनला सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ ठरत आली आहे. दोघांपैकी कुणीच आजवर क्रूझ केलेली नाही. एजंटने आतली केबिन आणि बाल्कनी अशी दोन कोटेशनं दिली आहेत. बाल्कनीला माणशी अठरा हजार जास्त पडतात, ते द्यावेत का? होणाऱ्या बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, तो आधी बदलून घ्यायचा का? आणि कोटेशनच्या वर हातात किती पैसे ठेवावे लागतात? फुकेतला फी फी बेटं आपली आपण करता आली तर हवी आहेत. तिला घाटात गाडी लागते, म्हणून बोट लागण्याचीही धास्ती आहे.

बंदरवाट
अभिनंदन! आधी पासपोर्टचं बघू, कारण बाकी काही चुकलं तर पैसे जातात, इथे चुकलं तर प्रवासच होत नाही.

नाव अजिबात बदलू नका. विमान, व्हिसा, क्रूझ, विमा, सगळं माहेरच्या नावाने, पासपोर्टवर जसं छापलंय तसं अक्षरन् अक्षर. लग्नपत्रिकेत किंवा उखाण्यात कुठलंही नाव असो, चेक-इनच्या काउंटरवर पासपोर्टचंच चालतं. आपल्याकडे आणखी एक गोची असते. बऱ्याच पासपोर्टांत वडिलांचं नाव मुलीच्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं. एजंट घाईत ते गाळतो, मग व्हिसावर तीन शब्द आणि क्रूझच्या तिकिटावर दोन. बुकिंग झाल्यावर सगळे कागद शेजारी ठेवून एकदा ताडून बघा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी.

सिंगापूरचा व्हिसा लागतोच. त्यावर ‘मल्टिपल जर्नी’ लिहिलंय ना, ते बघा. जहाज पेनांगला गेलं की तुम्ही सिंगापूर सोडलेलं असतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा आत येता, म्हणजे प्रवेश दोन वेळा. अर्ज प्रवेशाच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत करायचा असतो. तुमच्या बाबतीत ते दिवस ऐन केळवणांच्या धांदलीत येतील, तेव्हा फोटो (३५ × ४५ मिमी, पांढरी पार्श्वभूमी) आणि कागद आत्ताच एजंटकडे देऊन ठेवा.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (देशात शिरताना लागणारा माहितीचा फॉर्म) पोहोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. विमानाने जाताना एकदा आणि जहाजाने परत येताना पुन्हा एकदा. दुसरं बरेच जण विसरतात. मलेशिया आणि थायलंडचीही अशीच डिजिटल कार्डं आहेत, थायलंडचं १ मे २०२५ पासून सुरू झालं. बंदरावर उतरण्यासाठी त्यांपैकी काय लागेल ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. तिन्ही कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. मलेशियाची भारतीयांसाठीची व्हिसामाफी २०२६च्या अखेरपर्यंत जाहीर आहे. थायलंडचे नियम मध्येच बदलतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी एकदा पडताळा.

आणि मेंदी काढणाऱ्या ताईंना सांगून बोटांची टोकं मोकळी ठेवा. सिंगापूरला इमिग्रेशनवर ठसे घेतात, गडद रंगाने यंत्र अडखळू शकतं.

शिडाची होडी
केबिनबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक प्रकार बघतात आणि जागा बघत नाहीत.

आतली केबिन म्हणजे साधारण १५० ते १६५ चौरस फूट, खिडकी नाही. दिवा मालवला की मिट्ट काळोख, सकाळ झालेली कळत नाही. झोपायला उत्तम, पण हनिमूनला दोघं खोलीत जास्त वेळ असणार आणि मार्गही मलाक्काच्या सामुद्रधुनीचा, म्हणजे जहाजांची ये-जा पाहण्याजोगी. माणशी अठरा हजारांत बाल्कनी मिळत असेल तर घ्या. दोन्हींच्या मधला ‘ओशन व्ह्यू’ हा प्रकारही विचारा. मोठी काच असते, उघडत नाही.

मात्र आतल्या केबिनची चांगली जागा ही बाल्कनीच्या वाईट जागेपेक्षा बरी. डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडा आणि आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर भल्या पहाटे खुर्च्या फरफटण्याचे आवाज येतात. खाली थिएटर किंवा क्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. अगदी पुढच्या टोकाला सकाळी नांगर सोडताना साखळीचा खडखडाट ऐकू येतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. बोट लागायची भीती असेल तर जहाजाच्या मधोमध आणि शक्यतो खालचा डेक घ्या, कारण जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे डुलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्य सर्वांत कमी.

‘गॅरंटी केबिन’ स्वस्त पडते, पण नंबर कंपनी देते. तुम्ही ती घेऊ नका. पलंगाचंही लेखी सांगा: बहुतेक केबिनमध्ये दोन सुटे पलंग असतात, ते जोडून एक करतात. सांगितलं नाही तर पहिल्या रात्री सुटेच मिळतील.

गोदाकाठ
खूपच उपयोगी, धन्यवाद! एजंटने दिलेली बाल्कनी आठव्या डेकवर मधोमध आहे, वर-खाली केबिनच. पण नकाशात तिच्या आणि शेजारच्या केबिनच्या मधल्या रेषेवर दोन टोकांचा छोटा बाण आहे. तो कशाचा?

शिडाची होडी
ते मधलं दार. कुटुंबांना दोन केबिन एकत्र वापरता याव्यात म्हणून ठेवलेलं असतं. तुम्हाला ते कुलूपबंद मिळेल, पण भिंतीपेक्षा दार पातळ. शेजाऱ्यांचं बोलणं, टीव्ही, मुलांचं रडणं ऐकू येतं, आणि तुमचं त्यांना. नवीन जोडप्याने ही केबिन घेऊच नये. त्याच डेकवर दोन-चार दारं सोडून बिनबाणाची बाल्कनी असेलच, आजच बदलून घ्या.

हिशोबवही
खर्चाचं मी सांगते. कोटेशनमध्ये ‘पोर्ट चार्जेस आणि टॅक्स’ धरलेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या टिपचा. बऱ्याच कंपन्या माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर घेतात. १८ धरले तर दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. तुम्ही काही न घेताही ते शेवटच्या बिलात येतात, म्हणून आधी भरून टाकलेले बरे.

पेयांचं पॅकेज घाईने घेऊ नका. एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. उदाहरणार्थ, दिवसाला ६० डॉलर आणि वर १८ टक्के सेवाशुल्क म्हणजे ७०.८०. दोघांचे चार दिवसांचे ५६६ डॉलर झाले. सुटं कॉकटेल १३ डॉलरचं धरलं तर शुल्कासह साडेपंधराच्या आत पडतं. म्हणजे दोघांनीही रोज पाच-पाच पेयं घेतली तरच पॅकेज परवडतं. साधं पाणी, चहा, कॉफी बुफेमध्ये फुकट असतं.

जहाजावर रोख चालत नाही. तुमचं केबिनचं कार्ड हेच पाकीट, सगळं त्यावर चढतं. डेबिट कार्ड जोडलंत तर अनामत रक्कम अडकून राहते आणि सुटायला दिवस लागतात, म्हणून परदेशी व्यवहार चालू केलेलं क्रेडिट कार्ड जोडा. डॉक्टरकडे गेलात तरी बिल याच कार्डावर येतं. प्रवास विमा घेताना क्रूझ आणि वैद्यकीय स्थलांतर (आजारी पडल्यास जहाजावरून इस्पितळात हलवणं) दोन्ही त्यात आहे का ते वाचा.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (पॅकेज विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला आयकर) कापतात. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्यालाच रिटर्न भरताना वळता मिळतो. पैसे वडील भरणार असतील तर हे आधीच ठरवा.

मोबाइल केबिनमध्ये शिरताच एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि नेहमीचा रोमिंग पॅक त्याला लागू नसतो. एक फोटो आपोआप अपलोड झाला तरी बिल फुगतं.

बंदरवाट
बंदरांचं राहिलं होतं.

पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, तिथे टूर विकत घेऊ नका. बाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांवर कॉर्नवॉलिस किल्ला, त्यापुढे लिटल इंडिया आणि मारिअम्मन मंदिर. जुन्या शहराचा हा भाग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पायी फिरण्यासारखा आहे. पेनांग हिलला जायचं तर टॅक्सीने जा, वर चढायला केबल रेल्वे आहे, तिची रांग मोठी असते.

फुकेतचं उलट. बरीच जहाजं पाटोंगच्या खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. सकाळी नंबर घ्यावे लागतात, आणि परतीच्या शेवटच्या तासाला किनाऱ्यावर लांब रांग लागते. फी फी आपली आपण करू नका. त्या स्पीडबोटी बहुधा बेटाच्या पूर्वेकडच्या धक्क्यांवरून सुटतात आणि पाटोंग पश्चिमेला आहे. रस्त्यातच दोन तास जातात. बोटीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर मात्र थांबतं, म्हणून फी फी करायचीच तर त्यांच्याकडूनच घ्या.

सर्वांत मोठा घोटाळा घड्याळाचा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाने स्वतःची वेळ बदलली नाही, तर किनाऱ्यावर फोन तीन दाखवतो तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतात. शेवटचं टेंडर चारला असेल तर ते निघालं. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून हातात ठेवा.

सिंगापूरला आदल्या दिवशी पोहोचा. लग्न आणि विमान यांच्यात किमान चार दिवस सोडा, सत्यनारायण, गोंधळ, वणीचं दर्शन हे सगळं व्हायचं असतं. धक्क्याला जायला मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन जवळच आहे. मोठ्या बॅगा धक्क्यावर दिल्या की केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. औषधं, कागद, दागिने आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवाच.

सुंठसाखर
बोट लागण्याबद्दल. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलाया यांच्या मध्ये आडोशाला असल्याने पाणी सहसा शांत असतं, आणि डिसेंबरात फुकेतची बाजूही निवळलेली असते. पण घाटात त्रास होणाऱ्यांनी तयारी ठेवावी. ॲव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी, निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. झोप येते आणि तिच्यावर मद्य चालत नाही. होणाऱ्या बायकोची इतर औषधं सांगून डॉक्टरांना विचारूनच घ्या. सोबत आल्याच्या वड्या ठेवा. रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. मळमळलं तर केबिनमध्ये फोनकडे बघत पडू नका, उघड्या डेकवर मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघा.

इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती, सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर काढून घेतात. आपली तीन पिनांची प्लग सहसा बसत नाही, गोल दोन पिनांचा चार्जर न्या. इस्त्री न लागणारी साडी फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, उत्तम चालते.

गोदाकाठ
केबिन बदलून मिळाली, बाण नसलेली, त्याच डेकवर. मनापासून आभार सगळ्यांचे. एक शेवटचं: रुखवतातले अनारसे आणि करंज्या आई बरोबर देणार म्हणते. चालेल का?

सुंठसाखर
अनारसे अजिबात नेऊ नका. त्यांच्यावर खसखस असते आणि सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध मालात मोडते, अमली पदार्थांच्या कायद्यामुळे. करंजीच्या सारणात खसखस भाजून घातली असेल तर तीही नको. जहाजावर बहुधा घरचं उघडं खाणं चढू देत नाहीत, कारखान्यातली बंद पाकिटं चालतात. सामानात कुणी गुटखा, तंबाखूची पुडी किंवा ई-सिगारेट टाकली नाही ना, तेही बघा, तिथे त्यांवर बंदी आहे. अनारशांचा डबा आईंना परतल्यावर उघडायला सांगा, आठ-दहा दिवस छान टिकतात.