आईच्या नावाने कवयित्रींसाठी छोटा ट्रस्ट काढायचाय (बडोदे). सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारची

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे बडोद्याचेच. आई गेल्या वर्षी गेली. ती कविता करायची हे घरात माहीत होतं, पण तिच्या वह्या किती आणि कुठवर मागे जातात ते आत्ता कपाट आवरताना कळलं. कुठेही छापून आलेली एकही कविता नाही.

तिच्या एफडीतले ६ लाख आम्ही भावंडांनी बाजूला काढलेत. गावातल्या मराठीत लिहिणाऱ्या बायकांसाठी ते वापरायचे, यावर तिघांचं एकमत आहे. पुढे मात्र तीन दिशा. माझ्या मनात आईच्या नावाचा वार्षिक पुरस्कार आहे: ११,००० रुपये, स्मृतिचिन्ह आणि एक छानसा कार्यक्रम. भाऊ म्हणतो आधी ट्रस्ट रजिस्टर कर, बाकी नंतर. अमेरिकेतली बहीण म्हणते, मी आणि माझ्या मैत्रिणी दरवर्षी डॉलर पाठवू, आणखी मोठं काहीतरी करा.

ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नोंदणी लागेलच का? बहिणीचे पैसे घेता येतील का? आणि एवढ्या रकमेत खरोखर कुणाच्या उपयोगी पडेल असं काय होऊ शकतं?

रावपुरा_हिशेबनीस

ताई, कागदपत्रांपुरतं मी सांगतो. कवितेतलं मला कळत नाही, पण घरात बायको लिहिते, म्हणून धागा वाचला.

घरचे पैसे घरच्यांनी खर्च करायचे असतील तर नोंदणीची गरज नाही. कुणाचं टायपिंगचं बिल भरलं, कुणाला पुस्तकं घेऊन दिली, यासाठी सरकारला काही कळवावं लागत नाही. लोकांकडून देणग्या घ्यायच्या ठरवल्यात की मग ट्रस्ट करा. आपल्याकडे गुजरात सार्वजनिक विश्वस्त कायदा, १९५० लागतो (पूर्वी यालाच मुंबईचा कायदा म्हणत). ट्रस्ट डीड करून चॅरिटी कमिशनरकडे अर्ज करायचा, नोंद झाली की पीटीआर नंबर (ट्रस्टचा नोंदणी क्रमांक) मिळतो. त्यानंतर ट्रस्टी बदलला, पत्ता बदलला तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, तिथेच द्यायचा. छोट्या संस्था इथेच अडकतात. ट्रस्टी वारतात, कुणी कळवत नाही, आणि पुढे बँक सह्या मानत नाही.

देणगीदारांना करसवलत द्यायची तर इन्कमटॅक्सची वेगळी नोंदणी, जिला सगळे १२ए आणि ८०जी म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा फॉर्म भरताना जुनी झेरॉक्स समोर ठेवू नका. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, म्हणून पहिल्यापासून चेक किंवा यूपीआय.

बहिणीचं: त्यांचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्यांनी बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून ट्रस्टला दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीही. मैत्रिणींचंही तसंच. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि ती मिळायला संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर किमान १५ लाख खर्च केलेले लागतात. तुमच्या आकाराच्या कामाला ते शक्य नाही. डॉलर विसरा.

रंगमहालवाली

पुरस्काराचा विचार आत्ताच सोडून द्या, हे एक मी पोटतिडकीने सांगणार आहे. बाकीचं तुम्ही तुमच्या कलाने ठरवा.

आम्ही चौघीजणी याच गावात बरीच वर्षं हे काम करतोय. मी मराठी शाळेत शिकवत होते, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक ग्रंथपाल, आणि चौथी पूर्ण वेळ गृहिणी; आमच्यात कवितेची जाण सर्वांत जास्त तिला आहे. संस्थेचं नाव व्यनित (खासगी निरोपात) सांगेन.

गणित मांडून बघा. ६ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाचे ४२,०००. त्यातून ११,००० पुरस्काराचे, मग हॉलचं भाडं, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम, फराळ. एका संध्याकाळीत वर्षाचं व्याज संपतं. आणि पुरस्कार मिळतो कुणाला? जिचं पुस्तक आलेलं आहे तिला. म्हणजे जिने पदरचे पैसे भरून छापून घेतलं, किंवा जिला प्रकाशक ओळखतात तिला. तुमच्या आईसारखी, जिच्या कविता वहीतच आहेत, ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. तुमची आई त्या पुरस्काराला पात्र ठरली असती का, एवढंच स्वतःला विचारा.

आपल्या गावात अशा वह्या पुष्कळ आहेत, आणि त्याला कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनाही. १९१० नंतर वाचनालयं खेडोपाडी गेली. आपल्या आज्या-पणज्या लिहायला शिकल्या त्या अशा. लिहिलेलं जायचं कुठे, याची सोय मात्र कुणी केली नाही. साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असं चार वेळा भरलं, चारही अध्यक्ष पुरुष.

तर आम्ही काय करतो ते सांगते.

पहिलं, दुपारची बैठक. गुरुवारी अडीच ते साडेचार. संस्थांचे कार्यक्रम संध्याकाळी सहाला असतात, आणि सहाला बाईच्या हातात कणीक असते. अडीचला जेवणाची भांडी आवरलेली असतात, साडेचारनंतर चहा आणि मुलं. जागा तळमजल्यावरचीच, कारण गुडघे. येणारीच्या हातात जाताना रिक्षाभाड्याचं पाकीट ठेवतो, सगळ्यांच्याच, न विचारता. ज्यांना गरज नाही त्याही घेतात, म्हणून ज्यांना आहे त्यांना संकोच वाटत नाही. आमच्या वर्षाच्या खर्चात सर्वांत मोठा भाग या पाकिटांचा आहे आणि मला तो सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो. घरात स्वतःसाठी रिक्षाचे पैसे मागायला लागू नयेत, एवढ्यानेच कितीतरी जणी यायला लागल्या.

बैठकीत प्रत्येकीने आपली कविता दोनदा वाचायची. ऐकणारीने ‘छान’ म्हणायचं नाही. कुठली ओळ लक्षात राहिली ती म्हणून दाखवायची, आणि कुठे लक्ष सुटलं ते सांगायचं. पहिल्या महिन्यात जड जातं. नंतर त्याच पुनर्लेखन करून आणतात.

दुसरं, वहीतून कागदावर. आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुली बहुतेक गुजराती माध्यमात शिकलेल्या. कविता मराठीत सुचते, हात गुजराती लिपीत चालतो. वह्याच तशा असतात, शिरोरेघेशिवाय लिहिलेली अस्सल मराठी कविता. लिपी बदलून द्यायला संगणक आहे, पण गुजरातीत मराठीचा ‘ऱ’ नाही, त्यामुळे ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होऊन येतं. र्‍हस्व-दीर्घ घसरलं की वृत्त मोडतं, आणि मुक्तछंदात टाइप करणारा जागा वाचवायला दोन ओळी एकत्र करतो. म्हणून टायपिंगचे पैसे आम्ही देतो आणि तपासणी कवयित्रीला शेजारी बसवूनच करतो. एकीने वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रूफ पाहायचं. यात वेळ जातो. जाऊ दे. बहिणाबाईंची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि घरातल्या मंडळींनी टिपून ठेवली म्हणून आज महाराष्ट्राकडे आहेत. जी टिपली गेली नाहीत ती १९५१ मध्ये त्यांच्याबरोबर गेली.

तिसरं, पुस्तक, पण दर वर्षी नाही. दोन वर्षांचं व्याज साठलं की एक. ३०० प्रती, साध्या बांधणीचं, आमचा खर्च तीस हजारांच्या आसपास येतो. निवड तिघी करतात, त्यातली एक बडोद्याबाहेरची हवीच, आणि नात्यातली असेल तर निवड करणारीने उठून जायचं. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. कायद्याप्रमाणे प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या. पाठवाच. ते पुस्तक शंभर वर्षांनी कुणाला शोधायचं असेल तर तिथे सापडेल. १०० प्रती कवयित्रीला, त्या तिने विकाव्यात आणि पैसे तिचे.

हक्काबद्दल फार जपून राहा. आमच्या एका मैत्रिणीने बाहेरच्या एका प्रकाशकाला पैसे भरले, वर छापील करारावर सही केली, आणि स्वतःच्याच कविता दुसरीकडे द्यायला त्याची परवानगी मागत बसली. लेखिका हीच पहिली हक्कदार असते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. आम्ही प्रत्येकीला एका पानाचं पत्र देतो: हक्क तुझे, आम्ही फक्त ही आवृत्ती छापतोय, ३०० प्रती, संपलं.

आणि घरच्यांची संमती मागू नका. नाव माहेरचं लावायचं की सासरचं की टोपणनाव, हे ती ठरवेल. अर्जावर नवऱ्याच्या नावाचा रकाना ठेवूच नका.

इंदूरकर_माळवा

रंगमहालवाली ताई, आमच्या इंदूरलाही दुपारची वेळ सुरू करायला हवी, हे वाचून आज मंडळाला फोन केला.

धागा मध्यप्रदेशातूनही वाचला जातोय म्हणून एक भर. आमच्याकडे सोसायटी १९७३ च्या राज्याच्या कायद्याखाली नोंदवतात, निदान सात सभासद लागतात. सातही कामाच्या बायका मिळवा, नुसत्या नावाच्या नकोत. आणि अध्यक्षांचं म्हणाल तर, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, त्या ग्वाल्हेरला, १९६१ मध्ये. इंदूरला २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष होत्या. बडोद्याची पाळी यायची आहे.

मांजलपूरची_मी

मी त्या गुरुवारच्या बैठकीतली. खूप वाचते, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं शिक्षण गुजरातीत झालं. लग्नानंतर स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या डायरीत मागच्या बाजूने लिहायचे. पुस्तक निघालं त्याहून मोठी गोष्ट माझ्यासाठी प्रूफची होती. माझ्या ओळी दुसऱ्या बाईच्या तोंडून, सावकाश, शब्द न शब्द ऐकल्या आणि मला कळलं की शेवटची चार कडवी मी लोकांना बरं वाटावं म्हणून लिहिली होती. ती मी काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

एका बाबतीत रंगमहालवाली ताईंशी माझं पटत नाही. कार्यक्रम अगदीच नको असं नाही. प्रकाशनाला त्यांनी फक्त पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे नव्हते, मी वाचलं आणि माझे सासरे ऐकत होते. तोवर घरात मी काय लिहिते हे कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गुरुवारी दुपारी मला कुणी काम सांगत नाही. पुरस्कार नको, पण तिला घरच्यांसमोर उभं राहून वाचू द्या. त्याला चहाचाच खर्च येतो.

रंगमहालवाली

मांजलपूर, मान्य. पंचवीस खुर्च्या पाहिजेत.

दांडियाबाजारची

तुम्हा सगळ्यांचे आभार, रात्री भावाला सगळं वाचून दाखवलं. पुरस्कार रद्द. दोन वर्षं नोंदणी न करता घरच्याच पैशांतून रिक्षाभाडं आणि टायपिंग सुरू करतो, बाहेरचे पैसे घ्यायची वेळ आली तर ट्रस्ट. बहिणीचं नागरिकत्व बदललेलं आहे, तेव्हा तिच्याकडून पैसे नाही घेत. तिला प्रूफं वाचायला लावणार आहे, मराठी तिचं आमच्यापेक्षा चांगलं आहे.

एक राहिलं. आईच्या वह्यांतलं निवडून पहिलं पुस्तक काढायचं झालं तर हक्क कुणाचे? मृत्युपत्रात कवितांचा उल्लेख नाही.

रंगमहालवाली

वारसांचे, म्हणजे वडील हयात असतील तर ते आणि तुम्ही तिघं भावंडं. कविता त्या असताना कुठेच छापलेल्या नाहीत, म्हणून पहिल्यांदा प्रसिद्ध होतील त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. आत्ता सगळे एकमताने आहात तोवर एका कागदावर लिहून घ्या: कविता छापायची, कुणी गायची किंवा पाठ्यपुस्तकात घ्यायची परवानगी तुमच्यापैकी कुणी एकाने द्यावी, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. पुढच्या पिढीत वारस वाढले की एका कवितेसाठी अकरा सह्या जमवाव्या लागतात, आम्ही ते पाहिलंय. मसुदा व्यनिने पाठवते. बहिणीची सही असलेला कागद मात्र टपालाने मागवून मूळ प्रत जपून ठेवा.

आणि वह्यांचे आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या, प्रत्येक पानाचे, कोरी पानं आणि समासातल्या नोंदी धरून. तारखा बऱ्याचदा तिथेच असतात.